हिरव्या पाटीआड वाढणारे बांधकाम

लोकमान्यनगरपर्यंत धावणारी नागपूर मेट्रो हिंगण्यापर्यंत नेण्याच्या ६.७ किलोमीटरच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. मार्ग ठरला की जमिनीचे भाव चढतात. आणि जमीन महागली की मालक आहे त्याच आवारात मजले चढवतो, नवे दालन जोडतो. दर्शनी भिंतीवर ‘हरित इमारत’ अशी पाटी असेल, तर ती या वाढीव भागालाही लागू होते काय?

होत नाही. मानांकन मोजमाप झालेल्या वास्तूपुरतेच असते. जोडलेल्या भागाची स्वतंत्र नोंदणी व्हावी लागते आणि ती करणे बहुधा मालकाच्या मर्जीवर असते. पाण्याची टाकी, सांडपाण्याचे संयंत्र, वाहनतळ मात्र दोन्ही भागांना मिळून एकच. जुन्या व्यवस्थेवरील भार वाढतो, पाटी जागची हलत नाही.

मूळ दोष याहून खोल आहे. विजेची बचत मोजताना तुलना होते ती तेवढ्याच आकाराच्या कल्पित सर्वसाधारण इमारतीशी. म्हणजे दर चौरस मीटरमागे वीज कमी आणि एकूण वीज दुप्पट, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरू शकतात. सरासरी आणि एकूण यांतील भेद अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. शासनाला तो ठाऊक नसेल असे मानवत नाही.

तरीही राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने मानांकनाच्या श्रेणीनुसार ३, ५ आणि ७ टक्के जादा चटई क्षेत्र देऊ केले. हिरवेपणाचे बक्षीस म्हणजे आणखी काँक्रीट! ठरलेली श्रेणी न गाठल्यास दंड आहे, पण परीक्षा भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळची. पुढे दहा वर्षांनी त्या आवारात काय चालते, हे विचारणारा कोणी नाही. (एमआयडीसीचे नियम आणखी वेगळे.) चटई क्षेत्र हे कोणाच्या घरचे धन नव्हे, त्याचा भार गावाच्या रस्त्यावर, नळावर आणि नाल्यावर पडतो.

म्हणून हिंगणा परिसरातील कार्यकर्त्यांनी एक मागणी लावून धरावी. मानांकित इमारत वाढवायची असेल, तर जुन्या-नव्यासह संपूर्ण आवाराचे मोजमाप पुन्हा व्हावे. मागील तीन वर्षांची वीज व पाण्याची देयके नगरपंचायतीत अथवा ग्रामसभेत मांडली जावीत. एकूण वापर वाढला असेल तर जादा चटई क्षेत्राची किंमत बाजारभावाने वसूल व्हावी. संयंत्र खरोखर चालते की बंद पडून असते, हे ते चालविणाऱ्या कंत्राटी कामगाराला सर्वांत आधी कळते. त्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही अशा हमीसह त्याची साक्ष तपासणीत नोंदवली गेली पाहिजे.