पाणी नव्हे, तेजाब

परभाषेतला शब्द आला की त्याचे दोन तुकडे करावयाचे, प्रत्येकाला संस्कृत झगा चढवावयाचा आणि परिभाषा झाली म्हणून हात झटकावयाचे, ही आपली जुनी खोड. 'अ‍ॅक्वा' म्हणजे पाणी, 'टिंट' म्हणजे छटा. म्हणून अ‍ॅक्वाटिंट म्हणजे 'जलछटा'! पुढची पायरी 'जलरंगचित्र'. वाचक समजतो, कुणीतरी कागदावर कुंचला फिरवला.

प्रत्यक्षात काय घडते? तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसू देतात, पत्रा तापवून ती चिकटवतात आणि तो तेजाबात ठेवतात. तेजाब कणांच्या मधले तांबे खाते. उजेड हवा तिथे व्हार्निश लावून त्याला अडवावयाचे. अंधार हवा तिथे आणखी खाऊ द्यावयाचे. त्या सूक्ष्म खळग्यांत शाई भरून ओलसर कागदावर ठसा घ्यावयाचा. रेघेवाचून सावली उमटते ती अशी.

मग नावात पाणी कुठून आले? शब्द इटालियन, अर्थ 'रंगवलेले पाणी'. १७६०च्या दशकात फ्रान्समध्ये ल प्रँसने ही रीत बसवली. पॉल सँडबीने १७७५ साली दक्षिण वेल्सच्या १२ दृश्यांच्या संचाला हे नाव दिले. ठसा पातळ शाईच्या हातासारखा दिसतो, म्हणून हे नाव. ते दिसण्याचे आहे, करण्याचे नव्हे.

कुणी म्हणेल, "पण डॅनियलांच्या चित्रांवर जलरंग असतातच ना?" असतात. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ साली वेरूळची २४ दृश्ये छापली. ठसा निघाल्यावर रंग हाताने भरले जात. पण लेण्यांतला काळोख कुंचल्याने आणलेला नाही. तो आधीच तांब्यात खोदला गेला होता. गोयाच्या १७९९च्या 'काप्रिचोस'मधल्या ८० चित्रांवर तर जलरंगाचा थेंबही नाही. त्यांतली काळीकभिन्न रात्र कोणत्या 'जला'ची?

चुकीचा शब्द नुसता चुकत नाही, तो कारागिराचे काम पुसतो. टेबल, पेन्सिल आपण पचवले, अ‍ॅक्वाटिंटही पचेल. मराठी शब्दच हवा असेल तर शब्दकोशाला विचारू नका, त्या पत्र्याला विचारा. तो 'राळठसा' म्हणेल. 'जलछटा' खचित म्हणणार नाही.