ओवी कुणाची?



आठ मार्चसाठी नृत्य बसवणाऱ्या मुली मला विचारतात, "ताई, नुसत्या बाईच्या शब्दांवर नाचायचंय. असं ध्वनिमुद्रण कुठे मिळेल?" मी त्यांना जात्यावरच्या ओव्या ऐकायला सांगते. ओवीला ताल वाद्याचा नाही, जात्याच्या फेऱ्यांचा आणि दमसासाचा असतो. अंगाला तो लगेच कळतो.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 'पारी' या संकेतस्थळाने २०१७पासून त्या गायिकांच्या नावागावासह प्रसिद्ध केल्या.

मग पत्रिकेवर नृत्य बसवणारीचं नाव ठळक आणि गाणारी मात्र 'पारंपरिक', असं का? तिची, ती नसेल तर घरच्यांची परवानगी घ्या. नाव छापा, मानधन द्या. बाईचे श्रम बिननावाचे राहू नयेत, यासाठीच तर आपण लढतो आहोत.