विश्लेषण : मुंबई सिटीने खेळाडू विकत घेतले, पुण्याने क्लबच गमावले, असे का झाले?

शनिवार-रविवारी रात्री मोबाइलवर प्रीमियर लीग पाहणारी मुले आता बारामती-इंदापुरातही कमी नाहीत. कोणाच्या अंगात लिव्हरपूलचा टी-शर्ट असतो, कोणाच्या मँचेस्टर सिटीचा. पुणे जिल्ह्यातील क्लबचा मात्र दिसत नाही. देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळणारा असा क्लबच जिल्ह्यात उरलेला नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी परिस्थिती अशी नव्हती.

ट्रान्सफर फी कोणाला मिळते?

शर्यतीचा बैल लाखांना विकला गेला की पैसे जुन्या मालकाला मिळतात. ट्रान्सफर फीचेही तसेच. खेळाडूचा करार संपायच्या आत तो हवा असेल तर नवा क्लब जुन्या क्लबला भरपाई देतो. करार संपला असेल तर फी नाही. फरक इतकाच, की खेळाडूची संमती लागते आणि त्याचा पगार वेगळा ठरतो. बैलाला कोणी विचारत नाही. काही करारांत सुटकेची रक्कम आधीच लिहिलेली असते. ती कोणी भरली आणि खेळाडू तयार असला, तर जुन्या क्लबला नाही म्हणता येत नाही.

गोव्याचा संघ मुंबईत कसा गेला?

याच कलमाचा फटका एफसी गोवाला बसला. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) २०१९-२० हंगामात गोवा साखळीत अव्वल आला. ह्यूगो बुमूस हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. पुढच्या वर्षी गोव्याचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले आणि त्यांच्यामागोमाग अहमद जाहू, मुर्तडा फॉल, गोव्याचाच मंदार राव देसाई आणि बुमूस. बुमूससाठी सुमारे १ कोटी ६० लाख रुपये मोजल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. युरोपात एवढ्या रकमेला कोणी हिशेबात धरणार नाही. भारतात तिने लीगचा तोल बदलला.

१३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला, म्हणजे गोव्याच्याच घरच्या मैदानावर, मुंबईने एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून करंडक नेला. साखळीतील अव्वल स्थान आधीच मिळवले होते. काही महिन्यांतच बुमूस मोहन बागानकडे गेला. दोन श्रीमंतांच्या चढाओढीत तिसऱ्याची फळी मोडते, ती अशी.

एवढा पैसा परवडतो कसा?

२०२५ च्या उन्हाळ्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी ३ अब्ज पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ३५ हजार कोटी रुपये, खेळाडूंवर उधळले. लिव्हरपूलने एकट्या अलेक्झांडर इसाकसाठी साडेबारा कोटी पौंड दिले. यात एक हिशेबाची युक्तीही आहे. १०० कोटींचा खेळाडू ५ वर्षांच्या करारावर घेतला, तर वहीत दरवर्षी २० कोटीच खर्च दिसतो. चेल्सीने साडेआठ वर्षांपर्यंतचे करार करून हा आकडा आणखी लहान केला. मग २०२३ मध्ये ही विभागणी ५ वर्षांपुरतीच, असा नियम आला. तरीही तोटा भरून काढणारा मालक मागे असेल तोवरच हे चालते.

पुण्यात काय झाले?

मालक मागे हटला की काय होते, हे पुण्याने चार वेळा पाहिले आहे. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला. २०१२-१३ मध्ये तो आय-लीगचा उपविजेता होता. दोन वर्षांनी बंद. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सने लिव्हरपूलच्या भागीदारीत अकादमी काढली होती. २०१७ मध्ये तो संघही आय-लीगमधून बाहेर पडला.

चौथा एफसी पुणे सिटी. त्याचा थाट वेगळाच होता. मालकांत हृतिक रोशन, पहिल्या हंगामात फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे, पुढे दिल्लीकडून आणलेला मार्सेलिन्हो. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्यानंतर आर्थिक ओढाताण सुरू झाली आणि २०१९ मध्ये क्लब गुंडाळला. लीगमधील त्याची जागा हैदराबादला मिळाली.

यातला एकही क्लब प्रेक्षक नव्हते म्हणून बंद पडला, असे मला वाटत नाही. चारही वेळा निर्णय मालकाच्या कार्यालयात झाला. बालेवाडीत तिकीट काढून बसणाऱ्याला तो बातमीतून कळला.

सभासदांचा क्लब असता तर?

हा प्रश्न आपल्या भागात कळायला सोपा आहे. माळेगाव, सोमेश्वर किंवा छत्रपती कारखान्याचा सभासद वार्षिक सभेत अहवाल हातात घेऊन उभा राहतो आणि विचारतो, हा खर्च कशाला? रेआल माद्रिद आणि बार्सिलोना हे क्लब याच पद्धतीचे, सभासदांच्या मालकीचे. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मताधिकाराचा ५० टक्के अधिक एक वाटा सभासद संस्थेकडे ठेवावा लागतो.

सहकार म्हटला की सगळे नीट चालते, असे मात्र नाही. हेही आपल्याला वेगळे सांगायला नको. २०१७ मध्ये नेयमार २२.२ कोटी युरोंना पॅरिसला गेला. त्या पैशातून बार्सिलोनाने डेम्बेले आणि कुटिन्हो यांच्यावर भरमसाट खर्च केला आणि पुढे कर्जात इतका रुतला, की २०२१ मध्ये मेस्सीचीही नोंदणी करता आली नाही. पण त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये अध्यक्ष बार्तोमेऊ यांना पायउतार व्हावे लागले होते, कारण सभासदांनी सह्या गोळा करून अविश्वास ठराव आणला होता. पुण्याच्या प्रेक्षकाला सही करायला कागदच नव्हता.

मोहन बागानमध्ये निदान आवाज तरी चालला. २०२० च्या विलीनीकरणात मूळ क्लबकडे २० टक्केच हिस्सा राहिला, तरी नावापुढच्या ‘एटीके’ला समर्थकांनी तीन वर्षे विरोध केला. २०२३ मध्ये मालकांना ते काढावे लागले.

आयएसएलचे भवितव्य अधांतरी असतानाच डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील हिस्सा सोडला. क्लब पुन्हा जुन्या मालकांकडे आला. आणि पुण्याच्या जागी आलेला हैदराबाद एफसी? २०२२ मध्ये तो विजेता झाला, दोन वर्षांत पगार थकले, खेळाडू निघून गेले. २०२५ मध्ये त्याचा संसार दिल्लीला हलला, नवे मालक आणि नवे नाव घेऊन.