संकोचभंग

नोकरदारांच्या प्रशिक्षणवर्गांत आरंभीं टाळ्या पिटून, खेळ खेळवून परस्परांचा संकोच घालविण्याची चाल हल्लीं रूढ झाली आहे. हेतु स्तुत्य खरा. परंतु साहेबांसमक्ष प्रौढ शिपायानें माकडाचा आवाज काढावा, यानें संकोच मोडतो कीं मान, हें आम्हांस उमगत नाहीं. संकोच म्हणजे मूळचें आक्रसणें. असल्या खेळांनीं भिडस्त मनुष्य अधिकच आक्रसतो.

मूल तालुक्यांत बाबा आमट्यांनीं 1967 सालीं सोमनाथ प्रकल्प उभारला. तेथें उन्हाळ्यांत श्रमसंस्कार छावणी भरते. ठिकठिकाणचे अनोळखी तरुण सकाळीं कुदळ-घमेलें घेऊन श्रमदानास जातात, व्याख्यानें मागाहून. घमेलें हातोहात चाललें, कीं शेजाऱ्याचें नांव आपोआप कळतें. वनखात्याच्या वर्गांचा आरंभहि रोपवाटिकेंत करून पाहावा. अट एकच: साहेबांनींहि घमेलें उचलावें.