दोन एकर आणि ऑस्ट्रेलियाची निर्यात

परवा अंथुर्ण्याहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, पोराला ऑस्ट्रेलियाला पाठवायचं म्हणतोय. एजंट सगळं करून देतो, आपल्याकडून एक रुपया घेत नाही. फक्त कर्जाला दोन एकर तारण द्यावं लागेल. काय करू?"

मी पडलो कोड लिहिणारा माणूस. पटकन उत्तर सुचलं नाही. आठवडाभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून आज शनिवारी बसून लिहितोय.

निर्यात म्हटलं की आपल्याला साखरेची पोती नाहीतर द्राक्षांचे कंटेनर आठवतात. शिक्षणाचं उलटं आहे. माल जागेवरच राहतो, गिऱ्हाईकच पैसे घेऊन येतं. फी देतं, वर खोलीभाडं, किराणा, बसचा पास. ऑस्ट्रेलियाच्या सर्वात मोठ्या निर्यातींमध्ये लोहखनिज, कोळसा आणि गॅस यांच्यासोबत शिक्षणही येतं. म्हणजे आमच्या उसाच्या दोन एकरांवरचं कर्ज तिकडच्या हिशेबात निर्यातीचं उत्पन्न!

यात गैर काही नाही. हा धंदा पुण्यानेही केलाय. इराणी आणि आफ्रिकी विद्यार्थी एकेकाळी पुण्याच्या ओळखीचा भाग होते. डॉ. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ साली सिंबायोसिस सुरू केलं, ते आजारी पडलेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याचे हाल पाहून. आधी काळजी, मग धंदा. मला वाटतं क्रम हाच बरोबर आहे.

आज आपला क्रम चुकतोय. आयआयटी मद्रास २०२३ मध्ये झांझिबारला गेली, आयआयटी दिल्ली अबुधाबीला. चांगलंच आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी २५ टक्के जादा जागा ठेवायला यूजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिली. पण नुसत्या जागा वाढवून कोण येणार? २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत भारतात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी होते. उलट २०२४ मध्ये बाहेर शिकणारे भारतीय १३ लाखांवर. आफ्रिकेतल्या पोराला भाड्याने खोली देताना आपण नाक मुरडतो, ते कुठल्याही जाहिरातीने झाकलं जात नाही.

आता एजंटाचं. तो आपल्याकडून पैसे घेत नाही, कारण त्याला कमिशन तिकडची विद्यापीठं देतात. बाजार समितीत माल घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ज्याची अडत, त्याचा अडत्या!

आणि भाव ठरवणारेही तेच. विद्यार्थी व्हिसाचं शुल्क २०२४ च्या जूनपर्यंत ७१० ऑस्ट्रेलियन डॉलर होतं, जुलै २०२५ मध्ये २००० झालं. व्हिसा नाकारला तरी सहसा परत मिळत नाही. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवरच मर्यादा घातली. पदवी आपण विकत घेऊ शकतो, पण तिकडे राहून नोकरी करायची परवानगी तिथलं सरकार कधीही आखडती घेऊ शकतं.

शेवटी भावाला एवढंच सांगितलं, "आबा, पोरगं हुशार आहे, जाऊ दे. पण आधी एक हिशेब कर. शिकून लगेच परत यावं लागलं, तर पुण्यातल्या पगारात हप्ता फिटेल का? फिटत असेल तर खुशाल पाठव. नसेल तर तू शिक्षण घेत नाहीयेस, दोन एकरांची लॉटरी लावतोयस."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कॉलेजचं नाव पाठवतो. तूच हिशेब करून दे."

असो. उद्याचा रविवार त्यातच जाणार.