लपवलेली गुणपत्रिका

नर्सिंगचा सत्रनिकाल लागतो त्या संध्याकाळी वसतिगृहातले बरेच फोन वाजत राहतात. उचललाच, तर ‘साइट अजून उघडत नाहीये गं आई’ असे उत्तर जाते. कुणी फार्माकॉलॉजीत काठावर सुटलेले असते, कुणाचा मायक्रोबायॉलॉजीचा पेपर राहिलेला असतो, कुणी पास होऊनही मनात धरलेल्या आकड्याच्या फार खाली राहिलेले असते. या सगळ्यांची पहिली धडपड एकच असते, ती निकाल लपवण्याची. घरच्यांपासून, मैत्रिणींपासून, मॅडमपासून आणि कधी कधी स्वतःपासूनही. माणूस म्हणून हे अगदी समजण्यासारखे आहे. तरीही परिचारिका होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही सवय फार महागात पडते, आणि तिची किंमत तो विद्यार्थी एकटाच मोजत नाही.

आधी हे दुःख खरे आहे, एवढे मान्य करू. बी.एस्सी. नर्सिंगला येणारी बहुतेक मुले बारावी विज्ञानाची असतात. बारावीपर्यंत गावात, तालुक्याला ‘हुशार’ म्हणून त्यांचे नाव झालेले असते. अनेकांनी मेडिकलच्या प्रवेशासाठी वर्ष-दोन वर्षे घासलेली असतात आणि ते हुकल्याचा सल सोबत घेऊनच ती इथे येतात. पहिल्याच सत्रात अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीची जाडजूड इंग्रजी पुस्तके समोर येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला विषय कळतो, पण तोच इंग्रजीत पानभर लिहिताना हात अडतो. सकाळी वॉर्डातली पोस्टिंग, दुपारी वर्ग, रात्री जर्नल आणि केस स्टडी, असा दिवस सरतो. भारतीय परिचर्या परिषदेने 2021-22 पासून आठ सत्रांचा श्रेयांक पद्धतीचा अभ्यासक्रम लागू केल्यावर वर्षातून एकदा येणारी परीक्षा आता दोनदा येते. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत स्वतंत्रपणे निम्मे गुण मिळवावे लागतात, एकाची कमी दुसऱ्याने भरून निघत नाही. वॉर्डात रुग्णांची लाडकी असलेली मुलगी लेखी परीक्षेत मागे राहते ती यामुळेच, आणि तिचा गोंधळ सर्वांत मोठा असतो: मला काम येते, मग हे गुण कुणाचे?

अशा वेळी समजूत घालणारे हटकून म्हणतात, ‘जाऊ दे, गुणांत काय आहे, सेवाभाव महत्त्वाचा.’ हेतू चांगला असला तरी हे सांत्वन खोटे आहे आणि विद्यार्थ्यालाही ते मनातून पटत नाही. नर्सिंगमध्ये ज्ञानाची उणीव थेट रुग्णाच्या शरीरापर्यंत पोहोचते. इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे बऱ्याच कुप्यांत एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट इन्सुलिन असते, तर काही कुप्यांत आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100 युनिट. सिरिंजही त्यानुसार वेगळ्या, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची नारिंगी. शंभराच्या कुपीतले औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत ओढले तर आत अर्धा मिलिलिटर येतो, म्हणजे रुग्णाला 20 ऐवजी 50 युनिट जातात. रुग्णाची साखर धोकादायकरीत्या उतरायला एवढे पुरेसे आहे. सेवाभाव कितीही असला तरी हा हिशेब यावाच लागतो. म्हणून कमी पडलेले गुण झटकून टाकू नयेत.

पण मग ते गुण नेमके काय सांगतात, हे तपासायला हवे. गुणपत्रिकेवर एकच आकडा असतो, त्याच्या पोटात मात्र अगदी वेगवेगळ्या उणिवा दडलेल्या असतात. एक साधे गणित घ्या. 500 मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचे आहे, सेट मिलिलिटरला 20 थेंबांचा आहे, तर मिनिटाला थेंब किती? एकूण थेंब 10,000, एकूण मिनिटे 240, म्हणून उत्तर सुमारे 42. एका विद्यार्थिनीला सूत्रच आठवत नाही. दुसरी तासांची मिनिटे करायची विसरते आणि 2,500 लिहून मोकळी होते. मिनिटाला अडीच हजार थेंब पडूच शकत नाहीत, हे वॉर्डात ड्रिप लावताना तिला क्षणात उमजले असते. परीक्षेच्या घाईत तिने स्वतःच्या उत्तराकडे वळून पाहिले नाही. तिसरीला सगळे येते, पण आधीचा दीर्घोत्तरी प्रश्न लिहिण्यात वेळ गेल्याने ती इथपर्यंत पोहोचतच नाही. तिघींचेही गुण गेले. पहिलीला अभ्यास हवा, दुसरीला उत्तर पडताळण्याची सवय हवी, तिसरीला घड्याळ लावून लिहिण्याचा सराव हवा. गुणपत्रिका मात्र तिघींना एकच गोष्ट सांगते आणि तिघीही ‘मी ढ आहे’ असा एकच अर्थ काढतात.

नर्सिंग केअर प्लॅनमध्येही असेच होते. धाप लागलेल्या रुग्णाला सेमी-फाउलर स्थितीत बसवावे, हे जवळपास प्रत्येक जण लिहितो. गुण जातात ते शेजारच्या, कारण लिहिण्याच्या रकान्यात. तिथे ‘रुग्णाला आराम पडतो’ एवढेच लिहिलेले असते. पाठीला उतार दिला की पोटातले अवयव खाली सरकतात, श्वासपटलावरचा दाब हलका होतो आणि फुप्फुसांना फुलायला जागा मिळते, ही साखळी लिहिलेली नसते. ही मुलगी आळशी नाही, तिने रात्रभर पाठांतर केलेले असते. ‘काय करायचे’ ते तिने पाठ केले, ‘का करायचे’ ते तिला कुणी नीट विचारलेच नाही. ही उणीव उत्तरपत्रिका उघडल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून निकालानंतर पहिले एक-दोन दिवस रडून, झोपून, मैत्रिणीजवळ बोलून घालवावेत, त्यात काही वावगे नाही. त्यानंतर मात्र कामाला लागावे. बेरजेची किंवा तपासणीची शंका असेल तर विद्यापीठाचे परिपत्रक वाचावे. गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठीची मुदत थोडक्या दिवसांची असते आणि ती हळहळण्यात निघून जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये माहिती अधिकाराच्या कायद्याखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला आहे. तो गुण वाढवून घेण्याच्या आशेपुरता वापरू नये. आपण कुठे चुकलो ते स्वतःच्या अक्षरात पाहणे हा त्याचा खरा उपयोग. प्रत हाती आली की गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहावे: माहीत नव्हते, माहीत होते पण लिहिता आले नाही, घाईत चुकले, वेळ पुरला नाही. अशी यादी हाती आली की अर्धा धीर परत येतो, कारण अंगावर आलेल्या अपयशाचे चार-पाच लहान, हाताळता येण्याजोगे भाग होतात. विषय राहिला असेल तर पुढच्या सत्राच्या वर्गांना बसता येते, पण तो बेमुदत मागे ठेवता येत नाही. पुढच्या टप्प्यावर मागचे सगळे सुटलेले लागते. त्यामुळे त्याची तयारी निकालाच्या आठवड्यातच सुरू व्हावी.

अभ्यासाची रीतही तपासून घ्यावी. पुस्तक रंगीत पेनांनी पुन्हा पुन्हा वाचले की सगळे येतेय असे वाटते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. नर्सिंगच्या विद्यार्थ्याला हे वॉर्डातच साधता येते. सकाळी ज्या रुग्णाला फ्युरोसेमाइड दिले, त्याचे पोटॅशियम का तपासायचे, हे रात्री पुस्तक न उघडता लिहून पाहावे. अडले तर मगच पुस्तक उघडावे. औषधमात्रेची दोन गणिते रोज सोडवावीत. इंग्रजी अडत असेल तर उत्तराचा गाभा आधी मराठीत सांगून पाहावा आणि मग छोट्या, सरळ इंग्रजी वाक्यांत उतरवावा. परीक्षकाला अलंकारिक भाषा नको असते, क्रम आणि कारण हवे असते.

आता लपवण्याकडे पुन्हा वळू, कारण आमच्या मते या प्रश्नाचे मर्म तिथे आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तिथल्या रुग्णालयांत उपचारांतील चुकांमुळे दर वर्षी 44,000 ते 98,000 मृत्यू होत असावेत, असा अंदाज मांडला होता. त्या आकड्यांवर पुढे वाद झाले. पण अहवालाने काढलेला निष्कर्ष जगभरच्या रुग्णसुरक्षेच्या विचाराचा पाया ठरला. चूक करणाऱ्याला केवळ दोष देत राहिले की चुका कमी होत नाहीत, त्या सांगितल्या जाणे थांबते. आणि जी चूक सांगितली जात नाही ती दुसऱ्या पाळीत, दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत पुन्हा घडते. चुकीचा डोस गेल्याचे लक्षात येताच ‘सिस्टर, माझ्याकडून चूक झाली’ असे म्हणणारी परिचारिका रुग्णाला वाचवू शकते. गप्प राहणारी नाही वाचवू शकत. हे म्हणण्याचे धैर्य नोकरीच्या पहिल्या दिवशी आपोआप येत नाही. उत्तरपत्रिका घेऊन ट्यूटरसमोर बसून ‘मॅडम, हे मला कळलेलेच नाही’ असे विद्यार्थिदशेत म्हणता आले, तरच ते वॉर्डात म्हणता येते. कमी गुणांना सामोरे जाणे ही त्या धैर्याची पहिली तालीम आहे.

ही तालीम घडेल की मोडेल, हे महाविद्यालयांवर अवलंबून आहे. सर्वांची नावे आणि गुण व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकणे, वॉर्डात रुग्णांसमोर ‘एवढेही येत नाही, घरी जा’ असे सुनावणे, नापास झालेल्यांना वेगळे उभे करणे, याला काही ठिकाणी शिस्त म्हटले जाते. त्यातून विद्यार्थी लपवायला शिकतो. शिस्त हवीच, औषध देण्याच्या बाबतीत ती कडकच हवी. पण विद्यार्थ्याची चूक कठोरपणे दुरुस्त करणे आणि त्याचा पाणउतारा करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रत्येक अंतर्गत परीक्षेनंतर आठवडाभरात शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्यासोबत बसून उत्तरपत्रिका पाहावी, असा नियम महाविद्यालयांनी घालून घ्यावा. औषधमात्रेच्या गणितासाठी वेगळा सरावाचा तास असावा आणि तो कमी गुणवाल्यांची शिक्षा म्हणून न ठेवता सर्वांसाठी ठेवावा. पहिल्या सत्रात इंग्रजी लेखनाचा आधार द्यावा. शिक्षकांची पदे रिकामी ठेवून यातले काहीच होणार नाही, हेही व्यवस्थापनांनी ध्यानात घ्यावे. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण केवळ तपासणीच्या दिवसापुरते कागदावर दिसून चालत नाही.

आणि घरच्यांनी? कर्ज काढून, शेतातला हंगाम पुढे-मागे करून फी भरलेली असते, काळजी वाटणारच. पण निकालाच्या दिवशी ‘किती पडले?’ याआधी ‘जेवलीस का?’ हे विचारावे. शेजारच्या घरातल्या मुलांशी तुलना करू नये. मुलगा किंवा मुलगी जेवत-झोपत नसेल, एकटी राहू लागली असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नये. त्याच दिवशी त्यांच्याजवळ जावे, महाविद्यालयाशी बोलावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, तिथे मराठीतही बोलता येते. दुसऱ्यांच्या वेदनेची काळजी घ्यायला शिकणाऱ्यांनी स्वतःसाठी मदत मागण्यात कमीपणा नाही.

एका सत्राचे गुण पुढची सगळी वाट ठरवत नाहीत, हेही तितकेच खरे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीसाठी 2020 पासून होणाऱ्या सामायिक परीक्षेत पात्रता लागते ती पदवी, किंवा पदविका आणि कामाचा अनुभव, आणि परिषदेकडची नोंदणी. क्रमांक त्या परीक्षेतल्या कामगिरीवर ठरतो. तिसऱ्या सत्रात फार्माकॉलॉजी अडखळत शिकलेली मुलगी तोपर्यंत ती पक्की करून बसलेली असू शकते. अट एवढीच, की तिने त्या सत्रातली उत्तरपत्रिका उघडून पाहिलेली हवी. निकाल लागताच ती उघडण्याची हिंमत विद्यार्थ्यांनी करावी, आणि तशी हिंमत करणाऱ्याला अपमान सोसावा लागणार नाही, याची हमी महाविद्यालयांनी द्यावी. उद्या आपल्या माणसाच्या हाताला सलाइन लावणाऱ्या परिचारिकेने आपली चूक लपवू नये, असे आपल्याला वाटत असेल, तर तिला आज तिचे गुण लपवावे लागू नयेत, ही जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.