गुलालाची गोणी आधीच फोडणाऱ्यांना

लोकसभेची निवडणूक 2029 ला आहे. उमेदवार ठरलेला नाही, कुठला पक्ष तोवर कुणाच्या मांडीवर बसलेला असेल तेही ठरलेलं नाही. शिरूर मतदारसंघातल्या आमच्या मांडवगण फराट्यात निकाल मात्र लागून गेलाय. "सीट आपलीच आहे हो, लीड किती तेवढंच बोला." हे तुतारीवाला म्हणतो, घड्याळवाला म्हणतो, कमळवाला म्हणतो, मशालवाला आणि धनुष्यबाणवालाही म्हणतो. एका जागेवर पाच खासदार बसवायची सोय घटनेत नाही, आमच्या चहाच्या टपरीवर आहे. माझं मत कुणाला पडतं हे मी इथं लिहिणार नाही. गावात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि शिव्या खायच्याच तर त्या सगळ्यांकडून सारख्या खाव्यात.

या बिनधास्त मंडळींच्या स्मरणशक्तीचं मला फार नवल वाटतं. शिवाजीराव आढळराव पाटील 2014 ला शिरूरमधून तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. त्याआधीचे दोन विजय धरले तर ती त्यांची सलग तिसरी खेप. तीन लाखांचं लीड म्हणजे पुढच्या वेळी प्रचाराला फिरायचीही गरज नाही, असंच कार्यकर्ते बोलायचे. 2019 ला समोर आले डॉ. अमोल कोल्हे. "नाटक-मालिकेतला माणूस, सेटवरून उतरेल आणि जाईल परत," अशी त्यांची टिंगल टपरीटपरीवर चालली होती. निकाल लागला तेव्हा आढळराव 58,483 मतांनी पडले होते, आणि ज्या आंबेगाव तालुक्यातले ते, त्या आंबेगावनंच कोल्ह्यांना आघाडी दिली होती. टिंगल करणारे दुसऱ्या दिवशी टपरीवर आले नाहीत. आठवड्यानं आले तेव्हा त्यांना हे आधीपासून माहीत होतं.

मग आलं 2024. आता कागदावरचं गणित बघा, कारण याहून भक्कम गणित मी तरी पाहिलेलं नाही. शिरूर लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ : जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी, हडपसर. त्यातले पाच आमदार महायुतीकडे. दिलीप वळसे पाटील, महेश लांडगे अशी जाडजूड नावं. शरद पवारांबरोबर राहिले एकटे आमचे अशोक पवार. शिरूरला उमेदवार देणार आणि निवडून आणणार, असं अजितदादांनी जाहीर सांगून ठेवलेलं. उमेदवार पुन्हा आढळरावच, फक्त धनुष्यबाण ठेवून घड्याळ बांधलेले. कांद्याची निर्यातबंदी डिसेंबर 2023 पासून होती, ती 4 मे ला उठवली आणि 13 मे ला इथं मतदान. "बंदी उठली, विषय संपला," असं मला एका कार्यकर्त्यानं सांगितलं. पाच महिने ज्याचा कांदा मातीमोल गेला त्याचा विषय नऊ दिवसांत संपतो, हे शेतकऱ्याच्या पोराच्या तोंडून ऐकताना मला त्याच्या बापाची कीव आली. कोल्हे 1,40,951 मतांनी निवडून आले. पाच आमदार, आणि दीड लाखाला थोडीच कमी अशी हार!

भीमेच्या पलीकडे दौंड. तिथं आमच्या लेकी दिलेल्या, तिथल्या सुना आणलेल्या, पण ते मतदान बारामतीला करतात. तिथंही हेच चाललं होतं. आमदार राहुल कुल भाजपचे, सत्ता हाताशी, यंत्रणा हाताशी, उमेदवार अजितदादांच्या पत्नी, "वहिनी लाखानं येणार." सुप्रिया सुळे 1,58,333 मतांनी आल्या आणि एक खडकवासला सोडलं तर दौंडसकट सगळीकडे त्यांची आघाडी होती.

दिल्लीचंही वेगळं काही नव्हतं. चारशे पारची घोषणा देणारा पक्ष 240 वर थांबला. 1 जूनच्या एक्झिट पोलनी हवा इतकी भरली की 3 जूनला शेअर बाजार उसळला आणि 4 जूनला सेन्सेक्स चार हजारांहून जास्त अंशांनी आपटला. ज्यांचा धंदाच अंदाजाचा, त्यांची ही गत. ज्यांचा अंदाज मोबाईलच्या स्टेटसवर तयार होतो, त्यांनी लीडचे आकडे सांगावेत? आणि हे पहिल्यांदाच झालं म्हणावं तर वाजपेयींच्या काळातलं 'इंडिया शायनिंग' आठवा. डिसेंबर 2003 ला तीन राज्यं जिंकली म्हणून लोकसभा मुदतीआधी घेतली, आणि 13 मे 2004 ला भाजप 138 वर, काँग्रेस 145 वर. बरोबर वीस वर्षांनी त्याच तारखेला आमच्याकडे मतदान झालं. तारखेत काही नाही म्हणा. पण ज्यांना मुहूर्त बघून फॉर्म भरायची सवय आहे त्यांनी एवढं तरी बघायला हरकत नव्हती.

इथपर्यंत वाचून एक बाजू खूश झाली असेल. आता त्यांच्याकडे वळतो, कारण खरा राग त्यांचाच आहे.

4 जून 2024 ला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा मिळाल्या. त्या संध्याकाळी तांदळी, वडगाव रासाई, इनामगाव, मांडवगण, सगळ्या पट्ट्यात गुलाल होता. उधळा की, जिंकल्यावर उधळायचाच असतो. पण त्याच रात्री विधानसभेचा निकालही लावून टाकला. दीडशेच्या वर मतदारसंघांत आघाडी आहे म्हणजे सरकार आपलंच, आता मुख्यमंत्री कोण तेवढं ठरवा. वरचे नेते जागावाटपावर ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत भांडत बसले आणि खालचे कार्यकर्ते मंत्रिमंडळ बनवत बसले. आमच्या टपरीवर अशोक पवारांना खातं कुठलं मिळणार यावर वाद झाला. सहकार की जलसंपदा? त्यांच्याच ताब्यातला न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना बंद पडलेला, सभासदाचा ऊस दुसऱ्या कारखान्यांच्या दारात, कामगारांच्या पगाराची ओरड. आणि यांच्यात खात्यावरून वाद! कारखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "लोकसभेला लोकांनी माफ केलंय ते." लोकसभेला लोकांनी त्या प्रश्नाला हातच लावला नव्हता. तेव्हा मत दिल्लीचं होतं, पक्ष फोडल्याच्या रागाचं होतं, कांद्याचं होतं. ते सगळं आपल्या खात्यावर जमा झालं असं समजून यांनी खर्चायला काढलं.

23 नोव्हेंबरला महायुती 230 वर गेली. आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून 46. शिरूरमध्ये ज्ञानेश्वर कटके यांनी अशोक पवारांना सत्तर हजारांहून जास्त मतांनी पाडलं. बारामती विधानसभेत जूनमध्ये सुप्रियाताईंना अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास आघाडी होती; साडेपाच महिन्यांत तिथंच अजितदादा लाखभर मतांनी निवडून आले. तोच मतदार, तीच गावं, तेच बूथ. जूनमध्ये ज्या मतदाराला स्वाभिमानी म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्याला नोव्हेंबरात पंधराशे रुपयांत विकला गेलेला म्हणून मोकळे झाले.

त्या पंधराशेचंच बोलू. लाडकी बहीण योजना जूनच्या अखेरीस जाहीर झाली आणि मतदानाआधी पाच हप्ते खात्यात पडले. टपरीवर त्याची चेष्टा चालली होती, "पंधराशेत काय येतं?" विचारणारे सगळे पुरुष. आमच्या टपरीवर, पारावर, सोसायटीच्या ओट्यावर बाई बसत नाही. म्हणजे निम्मा मतदार सर्व्हेतून बाहेर ठेवून हे लीड काढतात. ज्या बाईला नवऱ्यापुढं हात न पसरता कधी शंभराची नोट मिळालेली नव्हती, तिला पंधराशेत काय येतं हे घरात विचारलं असतं तर उत्तर फुकट मिळालं असतं. योजना चांगली की निवडणुकीपुरती, यावर भांडायला मी तयार आहे. पण आपल्याच स्वयंपाकघरातलं मत कुठं चाललंय हे ज्याला कळत नाही, त्यानं जुन्नरपासून हडपसरपर्यंतचं वातावरण सांगू नये.

वातावरण सांगण्यात दुसरी खोट अशी, की मांडवगणातून दिसतं ते मांडवगणच. शिरूर विधानसभेतच वाघोली आहे, उरुळी कांचन आहे. कटके स्वतः वाघोलीचे. तिथल्या बारा-चौदा मजली सोसायट्यांत राहणाऱ्याला घोडगंगा नावाचा कारखाना आहे हेही माहीत नसतं. त्याला टँकर आणि नगर रोडची कोंडी माहीत. लोकसभेला तर भोसरी आणि हडपसर जोडलेले. पंचवीस लाखांवर मतदार, आणि 2024 ला मतदान झालं 54 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्मे आलेच नाहीत. न आलेल्यांत कुणाचे किती, हे ज्याला सांगता येतं त्यानं वाघेश्वराच्या देवळात शपथ घेऊन सांगावं, मी ऐकायला बसतो.

कांद्याची चाळ ज्याच्या दारात आहे तो माणूस वरचा थर बघून भाव ठरवत नाही. हात आत घालतो, वास घेतो, मधला सडका कांदा बाहेर काढतो. हाच माणूस निवडणूक आली की सभेतल्या खुर्च्या बघून बेफिकीर होतो. सभेला आलेली गर्दी जेवणाची असते, गाडीची असते, भाषण ऐकायच्या हौसेची असते. कोल्ह्यांच्या सभेला तर लोक मालिकेतले संभाजीराजे बघायलाही यायचे. आणि दारात गेलेल्या कार्यकर्त्याला आमच्याकडे कोण नाही म्हणतं? "तुमचंच आहे," म्हणायचं, चहा पाजायचा, ही आपली रीत. तो चहा मी पाचही पक्षांबरोबर प्यायलोय, आणि पाचांनीही वहीत माझ्या नावापुढं बरोबरची खूण केली असणार.

आता कुणी म्हणेल, कार्यकर्त्याचा उत्साह टिकवायला थोडं फुगवून सांगावंच लागतं. सांगा की. पण मतदानाच्या दिवशी काय होतं ते बघा. सीट पक्की आहे असं कळलेला माणूस मेच्या उन्हात रांगेत उभा राहत नाही. पक्की सीट असलेल्या पक्षाचा पोलिंग एजंट पहाटे साडेपाचच्या मॉक पोलला पोचत नाही. सात वाजता येतो, दुपारी जेवायला जातो तो परत येत नाही, आणि किती मतं नोंदली गेली त्याचा 17-सी फॉर्म सही करून घ्यायलाही थांबत नाही. मग निकाल उलटा गेला की मशीनवर शंका. शंका घ्यायचा हक्क तुमचा आहे, घ्या. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं तर डिसेंबर 2024 मध्ये मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायची तयारी केली होती. प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. गंमत अशी की तिथं उत्तमराव जानकर निवडून आले होते. हरलेला नव्हे, जिंकलेला पक्ष चिडला होता, कारण आपल्या गावात आपली मतं कमी निघतातच कशी! मागणी योग्य असेल, अयोग्य असेल. पण गाव आपलंच आहे ही खात्री आकड्यापेक्षा जड झाली की माणूस जिंकूनही हरल्यासारखा वागतो. आणि जूनमध्ये त्याच यंत्रांवर तीस जागा आल्या तेव्हा 17-सीची आठवण कुणाला झाली होती?

फरक किती लहान असतो ते आमच्या आजूबाजूलाच बघा. दौंडला 2019 च्या विधानसभेत राहुल कुल 746 मतांनी आले. एका वस्तीची दोन-तीन लग्नं त्या दिवशी असती तर निकाल फिरला असता. 2024 ला आंबेगावात वळसे पाटलांसारखा मुरलेला नेता 1,523 मतांनी वाचला. त्यांच्यासमोरच्या देवदत्त निकमांच्या नावाचाच आणखी एक उमेदवार रिंगणात होता आणि त्यानं त्याहून जास्त मतं घेतली. साताऱ्यात लोकसभेला तुतारीवाले शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले आणि पिपाणी चिन्हावरचा उमेदवार सदतीस हजार मतं घेऊन गेला. तुतारी कुठली आणि पिपाणी कुठली, हे म्हाताऱ्या माणसाला मशीनपुढं उभं राहायच्या आधी कुणीतरी घरी जाऊन दाखवायला हवं होतं. ज्यांनी दाखवायचं ते लीडचा आकडा काढत होते. मुंबई वायव्यचा निकाल तर 48 मतांवर लागला. अठ्ठेचाळीस माणसं आमच्याकडे एका वऱ्हाडाच्या गाडीत बसतात.

आणि पुढाऱ्याला हे सगळं फार सोयीचं असतं. ज्याचं मत मिळणार हे ठरलेलं आहे, त्याच्या दारात कोण जाईल? बिबट्याच्या भीतीनं रात्री उसाला पाणी धरायला माणूस धजत नाही. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी या पट्ट्यात किती वर्षं चाललीय. ती मागणी घेऊन जाणाऱ्याला आधी आपलेच लोक गप्प करतात, "आत्ता नको, साहेबांची हवा आहे, डाग लागेल." हवा असताना विचारायचं नाही, हवा गेल्यावर विचारून उपयोग नाही. उरला काय? फ्लेक्सवर खालच्या रांगेत स्वतःचा फोटो, आणि त्यात डोळे मिटलेले.

2029 ला मला फार थोड्या गोष्टी कळल्या तरी पुरे. ज्या पोरांना त्या वर्षी अठरा पुरी होतील त्यांची नावं यादीत आली का? आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, म्हणजे सबब उरली नाही. लग्न होऊन दौंडला गेलेल्या लेकींची नावं इकडून तिकडं गेली का, की दोन्हीकडे पडलीत, की कुठंच नाहीत? रांजणगावच्या एमआयडीसीत आणि वाघोलीत भाड्याच्या खोल्यांत राहणारी आपल्या वाड्या-वस्त्यांवरची पोरं मतदानाला गावी येणार का? त्यांना गाड्या भरून आणणं कायद्यानं भ्रष्ट आचार ठरतं, हेही सांगून ठेवतो, नाहीतर लगेच कुणीतरी टेम्पो ठरवेल. त्यांना फोन करावा लागेल. एकेकाला. तोही रिचार्ज देणाऱ्या साहेबाच्या नावानं नव्हे, तू का येत नाहीस हे विचारायला. त्यातले निम्मे जे उत्तर देतील ते ऐकून घ्यायची तयारी आहे का, तेवढं मला सांगा; लीड नंतर बोलू.